पगार नको, पण नाव हवं!

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवर कोळशाची एक बंद पडलेली खाण आहे. तिच्या पोटात, बाराही महिने गोठलेल्या जमिनीत अडीचशे मीटर आत, ८ जुलै २०२० रोजी फिल्मची १८६ रिळं ठेवण्यात आली. त्यांवर सिनेमा नाही, कोड आहे. प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहबवर २ फेब्रुवारी २०२० रोजी जो महत्त्वाचा सार्वजनिक कोड होता, तो सगळा, सुमारे २१ टेराबाइट. हजार वर्षं टिकावी अशा बेताने ही फिल्म बनवलेली आहे. ज्यांनी हा कोड लिहिला त्या लाखो प्रोग्रामरना काय मिळालं? प्रोफाइलवर एक चिमुकलं चित्र: 'आर्क्टिक कोड व्हॉल्ट कॉन्ट्रिब्यूटर'. रुपया नाही, डॉलर नाही. तरी कित्येकांनी ते रेझ्युमेत लिहिलं, आणि बरोबर केलं.

पुढच्या वर्षी याच्याही वर कडी झाली. १९ एप्रिल २०२१ रोजी नासाचं 'इंजेन्युइटी' हे हेलिकॉप्टर मंगळावर उडालं. त्यासाठी वापरलेल्या ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुल्या, कोडमध्ये ज्यांचा हात होता, अशा जवळपास १२,००० जणांच्या प्रोफाइलवर गिटहबने मंगळाचा बॅज लावला. यांपैकी अनेकांना आपण मंगळापर्यंत पोहोचलोय, याचा पत्ताही नव्हता!

अनोळखी माणसाच्या अडलेल्या प्रोग्रामसाठी आपली झोप खर्ची घालणारी ही जमात पैसे मागत नाही. आपण केलं ते कुणीतरी आपल्या नावानिशी लक्षात ठेवावं, एवढीच तिची इच्छा असते. मला ती इच्छा पूर्ण रास्त वाटते. तिच्यातून जे जे घडलं, त्यातल्या या काही गमती आणि काही चटके.

न वटवलेले चेक

'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथमालेचे लेखक डोनाल्ड नुथ आपल्या पुस्तकात चूक शोधणाऱ्याला बक्षीस देतात: २ डॉलर ५६ सेंट. हा विचित्र आकडा का? २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या हिशेबाने बरोबर एक डॉलर. त्यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममधल्या चुकीचं बक्षीस तर दरवर्षी दुप्पट होत गेलं आणि ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबलं. गंमत अशी की चेक मिळालेले बरेच जण तो बँकेत भरतच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावतात. नुथ यांच्या हातची सही कोण बँकेला देणार?

२००८ मध्ये बँकखात्याच्या फसवणुकीचे प्रकार वाढल्यावर नुथ यांनी खरे चेक थांबवले. आता ते 'बँक ऑफ सॅन सेरिफ'ची प्रमाणपत्रं देतात. सॅन सेरिफ हा देश नकाशात नाही. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने १९७७ मध्ये एप्रिल फूलसाठी तो रचला होता. नसलेल्या देशातल्या नसलेल्या बँकेचा कागद, आणि तो मिळावा म्हणून जगभरचे हुशार लोक जाड जाड ग्रंथ बारकाईने वाचतात!

एक सेकंद की ३५३?

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण सप्टेंबर २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलं. तुमचं उत्तर कुणाला आवडलं की १० पॉइंट. प्रश्न विचारणाऱ्याने तेच उत्तर स्वीकारलं की आणखी १५. नापसंती आली की २ वजा. आणि कितीही डोकं चालवलंत तरी पसंतीच्या मतांतून दिवसाला २०० च्या वर पॉइंट नाहीत.

आता हिशेब करा. रोज न चुकता २०० मिळवले तरी वर्षाचे होतात ७३,०००. म्हणजे १० लाखांना साडेतेरा वर्षांहून जास्त लागतील. जॉन स्कीट या इंग्लिश प्रोग्रामरने जानेवारी २०१८ मध्ये, साडेनऊ वर्षांच्या आत, हा टप्पा सगळ्यांत आधी गाठला. हे जमलं कारण स्वीकारलेल्या उत्तरांचे पॉइंट त्या २०० च्या मर्यादेबाहेर असतात. हा गृहस्थ तेव्हा गूगलमध्ये नोकरीला. सी-शार्प या भाषेवर त्याची हजारो उत्तरं, पण ती भाषा मायक्रोसॉफ्टची! शिव-विष्णूची एकाच देव्हाऱ्यात पूजा करावी, तसं हे. रजनीकांतवर असतात तसे त्याच्यावर विनोदही निघाले.

त्याचं गाजलेलं एक उत्तर जवळून बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये एकाने विचारलं: जावा या भाषेत मी एका वेळेतून दुसरी वेळ वजा करतोय. ३१ डिसेंबर १९२७, रात्री ११ वाजून ५४ मिनिटं ७ सेकंद, आणि त्याच रात्री ११ वाजून ५४ मिनिटं ८ सेकंद. फरक एक यायला हवा, येतोय ३५३. असं का?

स्कीटने बघितलं की या माणसाच्या कॉम्प्युटरवर शांघायची वेळ लावलेली आहे. जावाच्या कालनोंदीप्रमाणे शांघायमध्ये त्या रात्री बाराच्या ठोक्याला घड्याळं ५ मिनिटं ५२ सेकंद मागे गेली होती. म्हणजे ११:५४:०८ ही वेळ त्या रात्री दोनदा आली, आणि जावाने दुसरी धरली. ३५२ अधिक १, झाले ३५३. शांघायच्या घड्याळाची ही नोंद शोधून एका अनोळखी माणसाला समजावून सांगायची, तीही फुकट. अशा माणसाला १० पॉइंट म्हणजे फारच कमी झाले, असं मला मनापासून वाटतं.

सांधेवाल्याची गोष्ट

२०१२ मधला दुसरा एक प्रश्न. आकड्यांची एक यादी आहे. तिच्यातल्या ठरावीक आकड्यांची बेरीज करायची. यादी आधी चढत्या क्रमाने लावली तर तीच बेरीज जवळजवळ सहापट वेगाने होते. असं का?

'मिस्टिशियल' या टोपणनावाने उत्तर आलं, आणि त्याची सुरुवात प्रोसेसरपासून नाही, रेल्वेपासून होती. उत्तर देणारा म्हणाला, समजा तुम्ही जुन्या काळातले सांधेवाले आहात. गाडी येतेय, कुठल्या रुळावर जाणार माहीत नाही. गाडी थांबवून विचारलं तर फार वेळ जातो. त्यापेक्षा अंदाज बांधा. चुकला तर गाडी मागे घ्या, बरोबर आला तर ती धडाडत निघून जाईल. प्रोसेसर हेच करतो. यादी क्रमाने असेल तर त्याचा अंदाज जवळपास कधीच चुकत नाही. विस्कळीत असेल तर पावलापावलाला चुकतो.

या उत्तराला ३० हजारांहून जास्त पसंतीची मतं मिळाली आणि ते तिथलं सर्वांत लोकप्रिय उत्तर ठरलं. टोपणनावामागे होता अलेक्झांडर यी. पाय या गणिती संख्येचे लाखो कोटी अंक मोजण्याचे विक्रम ज्या प्रोग्रामवर झाले, तो 'वाय-क्रंचर' यानेच लिहिलाय. आपल्या इंजिनिअरिंगच्या वर्गात हा विषय कित्येकदा फळ्यावरच्या चौकटींतच संपतो. रेल्वेचा सांधा दाखवून शिकवणारा मास्तर प्रत्येक मुलाला मिळायला हवा.

पडल्याचंही बक्षीस

पॉइंटांच्या जोडीला सोनं, चांदी आणि ब्राँझचे बॅज. त्यांची नावं आणि नियम वाचताना करमणूक होते. साठ दिवसांहून जुन्या, मेलेल्या प्रश्नाला चांगलं उत्तर देऊन उठवलंत, तर 'नेक्रोमॅन्सर', म्हणजे मांत्रिक. प्रश्न विचारला आणि आठवडाभर कुणी ढुंकूनही बघितलं नाही, तर 'टंबलवीड'. सलग शंभर दिवस हजेरी लावली तर 'फॅनॅटिक'. स्वतःचं नापसंत ठरलेलं उत्तर काढून टाकलं तर 'पीअर प्रेशर'.

माझा आवडता मात्र 'अनसंग हीरो'. उत्तर स्वीकारलं गेलं, माणसाचं काम झालं, पण एकानेही पसंतीचं मत दिलं नाही, अशी दहाहून जास्त उत्तरं असतील आणि ती तुमच्या एकूण उत्तरांच्या पाव हिश्शापेक्षा जास्त असतील, तर हा सोन्याचा बॅज. उपेक्षेचीही नोंद ठेवणारा नियम ज्याला सुचला, त्याला स्वयंसेवकाचं मन कळलं होतं.

याआधीही असे खेळ झाले होते. पर्ल भाषेच्या चाहत्यांच्या 'पर्लमंक्स'वर पॉइंट वाढतील तसा तुमचा धार्मिक हुद्दा चढत जातो. नवशिक्यापासून सुरुवात, मग बिशप, कार्डिनल आणि शेवटी थेट पोप! 'स्लॅशडॉट'ने कर्माचे पॉइंट दिले, पण लोक आकड्याच्याच मागे लागले. मग आकडा झाकून 'उत्तम', 'वाईट' असे शेरे द्यावे लागले.

कॉर्नेल आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचे बॅज अभ्यासले. बॅज जवळ येईल तसं लोकांचं काम वाढतं, आणि हातात पडला की उतरतं. परीक्षा संपल्यावर पुस्तकं माळ्यावर जातात त्या घरातल्या कुणालाही हे पटेल.

कॅल्विनची यादी

मायक्रोसॉफ्टचा 'एमव्हीपी' हा मान आज आयटीत मोठा मानला जातो. काचेची ट्रॉफी, वर्षासाठीच मान, पुढच्या वर्षी पुन्हा कस लागणार. तो सुरू झाला १९९३ मध्ये, आणि त्याची जन्मकथा अशी सांगतात: कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर मायक्रोसॉफ्टचं फॉक्सप्रो वापरणारी मंडळी एकमेकांच्या अडचणी सोडवत. कॅल्विन शिया नावाच्या प्रोग्रामरने कुणी किती संदेश लिहिले आणि कुणाला किती आले याची यादी केली. ती 'कॅल्विनची यादी' मायक्रोसॉफ्टच्या लोकांच्या नजरेला पडली आणि सर्वाधिक मदत करणारे आयते सापडले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनीने ही योजना अचानक बंद केली. कारण बाजूच्या घरातलं होतं, असं म्हणतात. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या गप्पांच्या खोल्या सांभाळणारे हजारो स्वयंसेवक होते. त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी कोर्टात दावा लावला: आम्ही केलं ते कामच होतं, त्याची मजुरी द्या. मायक्रोसॉफ्टला त्याचा धसका बसला असावा. पण एमव्हीपी मंडळी खवळली, बिल गेट्सना ईमेल गेले, आणि तीन दिवसांत निर्णय फिरला. 'आम्हाला फुकट राबवू नका' म्हणणारे आणि 'आमचा मान काढू नका' म्हणणारे, दोघंही एकाच वर्षी आपापल्या जागी बरोबर होते. अमेरिका ऑनलाइनचा दावा २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला.

गाडीचा प्रश्न, ईमेल स्वीडनला

डॅनिएल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रामरला गप्पांच्या चॅनलवर चलनांचे ताजे दर दाखवायचे होते. त्यासाठी हाताशी घेतलेल्या एका छोट्या प्रोग्रामचा १९९८ मध्ये 'कर्ल' झाला. आज तो फोनमध्ये, टीव्हीत, गाड्यांत, जिथे जिथे इंटरनेटवरून काही आणायचं असतं तिथे तिथे आहे. मंगळाचा बॅज मिळालेल्यांत हाही होता.

कर्ल मोफत वापरा, फक्त लेखकाचं नाव आणि परवाना सोबत ठेवा, एवढीच त्याची अट. म्हणून गाड्यांच्या स्क्रीनवर परवान्यांच्या यादीत त्याचं नाव आणि ईमेल पत्ता येतो. आणि नकाशा चालेना, फोन जोडला जाईना, की वैतागलेले गाडीमालक त्याला लिहितात: माझी गाडी दुरुस्त करा! कंपनीचा पत्ता त्यांना सापडलेला नसतो, याचा सापडतो.

याच स्टेनबर्गला २०१७ मध्ये कर्लसाठी स्वीडनचा पोल्हेम पुरस्कार मिळाला. १८७८ पासून दिला जाणारा हा तंत्रज्ञानाचा मान. सुवर्णपदक राजाच्या हातून. वर्षानुवर्षं केलेल्या पदरमोडीचं असं चीज झालेलं बघून फार बरं वाटतं.

टी-शर्टसाठी काहीही

डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक दुरुस्त्या पाठवा, टी-शर्ट मिळवा. कल्पना छान. २०२० मध्ये मात्र भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब व्हिडिओत दुरुस्ती कशी पाठवायची हे दाखवताना माहितीच्या फाइलीत कौतुकाचे दोन शब्द घालून दाखवले, आणि मुलांनी तेच गिरवलं. 'सुंदर प्रकल्प' असे शब्द चिकटवलेल्या दुरुस्त्यांचा जगभर पूर आला. प्रकल्प सांभाळणाऱ्यांची, म्हणजे पुन्हा स्वयंसेवकांचीच, ऑक्टोबरची सुरुवात कचरा काढण्यात गेली. काही दिवसांत नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतलाय, तिथलीच दुरुस्ती मोजणार. २०२३ मध्ये टी-शर्टच्या जागी डिजिटल बॅज आले.

त्या मुलांना नुसतं हसून भागणार नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला चार ओळी दाखवायला हव्यात, आणि कॉलेजात कुणी खऱ्या प्रकल्पाला हात लावायला शिकवत नाही. शॉर्टकट दिसला, पोरं धावली. ओळख कमवायचा लांबचा रस्ता त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

हिरवे चौकोन

गिटहबच्या प्रोफाइलवर वर्षभराचे चौकोन असतात. काम केलं तो दिवस हिरवा. पूर्वी सलग किती दिवस काम केलं याचा आकडाही दिसे, आणि तो तुटू नये म्हणून लोक सुटीच्या दिवशीही काहीतरी पाठवत. मे २०१६ मध्ये तो आकडा काढला. पुढे संशोधकांनी तपासलं, तर लांबलचक साखळ्या तुटल्या होत्या आणि शनिवार-रविवारचं काम कमी झालं होतं. कोपऱ्यातला एक आकडा गेला आणि माणसांना सुटी मिळाली.

बिनपैशाची चांदणी

विकिपीडियावर एक सदस्य दुसऱ्याला 'बार्नस्टार' देतो. चांदणीचं चित्र आणि दोन ओळी, बस. रेस्टिव्हो आणि वॅन डी राइट या दोघा संशोधकांनी सर्वांत जास्त काम करणाऱ्या एक टक्क्यातले काही संपादक निवडले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांतल्या काहींना बार्नस्टार दिले, बाकीच्यांना नाही. ज्यांना मिळाले त्यांचं काम ६० टक्क्यांनी जास्त भरलं. मुळात हे सगळे आधीच झपाटून काम करणारे. शाबासकीची त्यांना गरज नाही असं आपण समजून चालतो, तेच चुकतं.

लिनक्समध्ये तर दाद द्यायची रीतच आहे. बदलाच्या नोंदीखाली लिहितात: चूक कुणी कळवली, कुणी तपासलं, कुणी चालवून पाहिलं. एक ओळ न लिहितासुद्धा तुमचं नाव लिनक्सच्या इतिहासात जाऊ शकतं. पायकॉन इंडिया या परिषदेत केनेथ गोन्साल्विस यांच्या स्मरणार्थ पायथन भाषेसाठी झटणाऱ्यांचा सन्मान होतो. फायरफॉक्स मराठीत दिसतो तोही स्वयंसेवकांच्या कष्टाने, आणि लिनक्सवरच्या ग्नोमच्या अनेक प्रोग्राममध्ये 'विषयी'च्या खिडकीत अनुवादकांची नावं असतात. ती खिडकी कधी उघडलीत? उघडून बघा.

अर्ध्या सेकंदाने वाचलो

नाव कमावण्याच्या या वाटेवरून चोरही येतात. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं साधन असंख्य लिनक्स यंत्रांत असतं आणि ते वर्षानुवर्षं एकाच थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होतं. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी नेटकी मदत करू लागलं. दुसऱ्या खात्यांवरून मूळ लेखकाला टोमणे सुरू झाले, काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या. टॅनने विश्वास कमावला, हक्क मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला.

तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढाच त्याला प्रश्न पडला होता. त्या मूळ लेखकाला वेळेवर साथ आणि मान मिळाला असता, तर चोराच्या गोड मदतीची त्याला इतकी गरज पडली नसती.

नाव गळालं की

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला. वर्षानुवर्षं फुकट लिहिलेली उत्तरं आता यंत्राच्या शिकवणीला जाणार, हे कळल्यावर काही जणांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरं पुसायला सुरुवात केली. उत्तरं पुन्हा जागेवर आणली गेली आणि पुसणाऱ्यांची खाती काही काळ गोठवली गेली. नियमाने कंपनीची बाजू असेलही, कारण लिहितानाच सगळ्यांनी खुला परवाना मान्य केलेला असतो. पण त्याच परवान्यात लेखकाचं नाव द्यायची अट आहे. यंत्र उत्तर देतं तेव्हा शांघायचं घड्याळ कुणी शोधलं आणि सांधेवाला कुणाला सुचला, हे बहुधा सांगत नाही. माझ्या मते या लोकांची सर्वांत मोठी मिळकत तिथेच गळते, आणि त्यांचा राग शंभर टक्के खरा आहे.

तुम्ही स्वतः असं काम करत असाल, तर लाजू नका. तुमची चांगली उत्तरं, स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्त्या, केलेले अनुवाद रेझ्युमेत दुव्यासह लिहा, आणि प्रमोशनच्या चर्चेत साहेबांसमोर ठेवा. आणि तुम्ही फक्त वापरणारे असाल, तर ज्या उत्तराने आज तुमचं काम सुटलं त्याला मत द्या. तेही जमत नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा, मराठीतून लिहिलात तरी चालेल, आणि त्यात तुमची गाडी दुरुस्त करायला सांगू नका.